दाताखालचा दाणा

आमच्या दवनीवाड्यात कोणाचं तोंड उघडत नाही म्हटलं, की लोक आधी त्याचे दात बघतात. लाल आहेत का? मग खर्रा. सुपारी-तंबाखू घोटून केलेला तो खर्रा आमच्याकडे घरोघरी आहे. त्यामुळे पुढचं कोणी बोलत नाही, नुसतं 'अरेरे' म्हणून मान हलवतात. माझा जबडा बंद पडला तेव्हा माझ्याकडेही असंच बघून झालं. मी जन्मात खर्रा तोंडात घातलेला नाही. घरात खर्रा खातात ते आमचे हे, आणि तोंड बंद झालं माझं! देवाघरी न्याय असेल बापा, पण तो आमच्या गल्लीत यायला उशीर करतो.

"हे सगळं काऊन लिहून राहिली?" असं ह्यांनी विचारलं. सांगते. मी बरी झाल्यापासून कितीतरी बाया गालावर हात ठेवून माझ्या अंगणात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मीबी झोपेत दात खातो म्हणते घरचे. कोनाले सांगू नका." जशी काही चोरी केली. म्हणून लिहिते. दात खाणं ही चोरी नाही. दुखणं आहे, आणि ते आटोक्यात येतं.

माझी दाढ आणि गावाचा धान

आमचा धानखरेदीचा धंदा आहे. शेतकरी ट्रॉलीत धान भरून आमच्या अंगणात आणतात, आम्ही तो घेतो आणि राइस मिलला पाठवतो. यात सगळा खेळ ओलाव्याचा. धान ओला असला तर पोत्यात तापतो, वास मारतो, आणि मिलवाला नाक मुरडतो. म्हणून घेण्याआधी तो वाळला की नाही हे सांगणारं कोणी तरी लागतं. आमच्याकडे ते सांगणारी मी.

ही विद्या माझ्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. तळहातावर धान चोळायचा, साल फुंकून टाकायची, आतला दाणा दाढेखाली धरून दाबायचा. कटकन तुटला तर वाळला. दबून चपटा झाला तर वल्ला. मग थुंकून टाकायचा. मामाजी म्हणायचे, "डोरा फसते, हात फसते, दात नाही फसत." त्यांच्या दाढा गेल्या तेव्हा त्यांनी पोराला शिकवायला घेतलं. पण आमच्या ह्यांचं तोंड खर्ऱ्याने बधिर झालेलं, त्यांना तांदूळ काय आणि खडा काय, सारखंच. शेवटी मामाजी वैतागून म्हणाले, "सूनबाई, तू बस इकडे."

मी बसले ती बसलेच. मामाजी गेले, पण लोक ट्रॉली लावून आजही म्हणतात, "पुष्पाबाईले बलवा." हार्वेस्टर आले तेव्हापासून तर विचारूच नका. पूर्वी धान कापून बांधीत, म्हणजे शेतातच वाळायचा, मग चुरणा, म्हणजे मळणी व्हायची. आता मशीन उभा धान कापते आणि तसाच दमट आमच्या दारात येतो. एका ट्रॉलीतून चार ठिकाणचे दाणे घ्यायचे, हंगामात दिवसभर तेच. ओलावा मोजायचं मशीन आमच्याकडे होतं, पण ते कपाटात. लोक म्हणायचे, "मशीनीत सेटिंग असते बाई, तुमच्या दाताले सेटिंग नाही." हे ऐकून माझी छाती फुगायची. खोटं कायले बोलू?

उंदीर

दुखणं कानापासून सुरू झालं. डाव्या कानात ठणका. मी लसणाचं कोमट तेल घातलं, कापूस कोंबला, कानाच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, कान ठणठणीत आहे. मग कानशील दुखायला लागलं. सकाळी उठावं तर जबडा थकलेला, जसा काही झोपेत मी ऊस सोलत होते. भाकरीचा घास चावताना पाणी यायचं डोळ्यांत.

हंगामात धानाची पोती आमच्या झोपायच्या खोलीलगत लागलेली असतात. ह्यांना झोपेत करकर ऐकू यायची. त्यांनी ठरवलं, पोत्यात उंदीर शिरला. पिंजरा आणला, त्यात रोडग्याचा तुकडा लावला, पोती इकडची तिकडे केली. उंदीर काही सापडेना. एके दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मोबाइल पुढे केला. "आइक. सापडला उंदीर." मोबाइलमधून आवाज आला, करर्र, करर्र, मध्येच कट्ट. मी म्हटलं, "बाप्पा, केवढा मोठा आहे! कोठी सापडला?"

"माया बाजूले," हे म्हणाले. "रातभर कोनाले चावून राहिली होती तू?"

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसून हसून खाटेवरून पडायच्या राहिल्या. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. हसू ओसरल्यावर त्यांनी निदान करून टाकलं. "जंत झाले तुया पोटात. लेकरं झोपेत दात खातेत, तसंच." मग वावडिंगाचा काढा सुरू झाला. एवढी मोठी बाई मी, नातवंडं व्हायची वेळ आली, आणि नाक धरून जंताचं औषध पिऊन राहिली! काढा कडू होता, बाकी काही फरक पडला नाही. आत्याबाईंनी मात्र हार मानली नाही. माझ्यासमोर फुटाणे कुटून, भुकटी करून खायच्या आणि म्हणायच्या, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. मले नाही दात, मले नाही दुखत."

कट्ट

दिवाळीनंतरची गोष्ट. अंगणात ट्रॉल्यांची रांग. तुळशीरामकाकांची ट्रॉली पुढे आली. काका मामाजींच्या वेळचे, आमच्याकडे सोडून दुसरीकडे धान नेला नाही त्यांनी कधी. मी दाणा घेतला, डाव्या दाढेखाली धरला, दाबला.

कट्ट!

काका खूश. "वाजला! वाजला बाई! आइकला ना सगळ्यायनं? वारला धान, वल्ला नाही." त्यांच्या माणसांनी पोती उतरवायला घेतली.

मी काहीच बोलले नाही, कारण मला बोलताच येत नव्हतं. तो आवाज माझ्या जबड्याचा होता. तोंड जेमतेम एक बोट उघडं राहिलं होतं, तिथेच अडकलं. ना पुढे, ना मागे. दाणा दबला होता की तुटला होता, तेही मला आठवत नाही. कानशिलात अशी कळ गेली की मी ट्रॉलीला धरून खाली बसले. लोक गोळा झाले. कोणी म्हणालं लकवा, कोणी म्हणालं बाहेरचं. आणि मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "गजूभाऊचा खर्रा खात असन चोरून." गजूभाऊ म्हणजे आमचे हे.

तेवढ्या दुखण्यातही मला असा राग आला की विचारू नका. पण शिव्या द्यायला तोंड लागतं.

गोंदियाला

ह्यांनी मला मोटरसायकलवर बसवलं आणि गोंदियाला नेलं. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. हा माणूस शेजारच्या ट्रॅक्टरशीही बोलत बसतो, त्यामुळे मला समजलं की त्यांच्या मनात काय आहे. माझ्याही मनात तेच होतं. आमच्या जिल्ह्यात तोंड उघडत नाही याचा शेवट कुठे होतो, ते आम्ही दोघांनी पाहिलेलं आहे. नळीने पेज घेणारी माणसं पाहिली आहेत. मला भीती वाटली. मरणाची वाटली, आणि त्याहून जास्त नळीची वाटली.

दातांची डॉक्टरीण तरुण पोरगी होती, हिंदी बोलणारी. पहिला प्रश्न काय? "खर्रा खाते क्या आप?"

मी मानेने नाही म्हटलं.

"सुपारी? तंबाखू? गुटखा? सच बताइए, यहाँ सब ना ही बोलते हैं।"

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ह्यांनी मान खाली घातली.

"कुछ कड़क चबाने की आदत? बर्फ? पेन?"

नाही. नाही. नाही. मी तीनदा मान हलवली, अगदी ठामपणे.

तिने गालाच्या आतून बोट फिरवून पाहिलं, फोटो काढला, कानापुढे दाबलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. मग ती आमच्याकडे वळली. "कॅन्सर नहीं है। दाँत भी सब अच्छे हैं। जबड़े का जोड़ थक गया है। आप नींद में दाँत पीसती हैं।"

मला रडू आलं. तोंड उघडत नसताना रडणं मोठं कठीण असतं, सगळं नाकातून येतं. हे बाहेर गेले. मी म्हटलं, पाणी आणायला गेले असतील. नंतर समजलं, खिशातली पुडी नालीत फेकायला गेले होते. पूर्ण सोडला असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण त्या दिवशी फेकला, आणि तेव्हापासून माझ्यासमोर तरी खात नाहीत.

डॉक्टरीणबाईने शेक, गोळ्या आणि मऊ खाणं सांगितलं. काही दिवसांनी झोपताना दातांवर लावायची एक पारदर्शक पट्टी बनवून दिली, नाईट गार्ड. तोंड किती उघडलं हे बघायची तिची रीत सोपी: आपलीच बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालायची. "तीन उंगली जिस दिन जाएगी, उस दिन आप ठीक।" माझं एक जात होतं, तेही रडत.

शेवटी तिने विचारलं, "टेन्शन बहुत लेती हैं क्या?"

"मी? मी मनात काही ठेवतच नाही. जे असेल ते तोंडावर बोलते," मी दातांतूनच म्हटलं.

"ही टेन्शन घेत नाही मॅडम," हे म्हणाले, "ही देते."

दाढेतलं तूस

पट्टीने करकर थांबली. ह्यांनी पिंजरा परत माळ्यावर टाकला. शेकाने कळ कमी झाली. दुसरं बोट जायला लागलं. मी म्हटलं, झालं, जिंकलो! आणि परत अंगणात जाऊन बसले, कारण ट्रॉल्या माझ्यासाठी थांबत नव्हत्या. डाव्या बाजूने चावत नव्हते, उजव्या बाजूने चावायची. शहाणी ना मी!

आठवडाभरात उजवा कान ठणकायला लागला आणि तोंड परत एका बोटावर आलं.

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडली. पट्टी तपासली, बरोबर होती. मग तिने आरसा घालून पाहिलं आणि चिमट्याने माझ्या उजव्या दाढेतून काहीतरी काढून रुमालावर ठेवलं. पिवळं, बारीक, टोकदार.

"ये क्या है?"

"तूस," मी म्हटलं. "धानाचं."

"कच्चा धान खाती हैं आप?"

"खात नाही. चावून पाहते अन् थुंकते."

"कितना?"

मी हे दिवसभर करते, आणि हंगामभर करते, हे तिला सांगितलं. तिने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "मैंने पूछा था ना, कुछ कड़क चबाती हैं? आपने मुंडी हिलाई थी।"

आता मी काय करू? मला खरंच वाटलं नव्हतं. खर्रा खाणं म्हणजे खाणं, सुपारी चावणं म्हणजे चावणं. धान पाहणं म्हणजे काम! गवंडी भिंत मोजतो त्याला कोणी व्यायाम म्हणतं का? आमच्याकडे कोणालाही विचारा, सगळे हेच सांगतील. बायांनो, भाऊंनो, डॉक्टर विचारेल तेव्हा खाण्याचंच नका सांगू, कामाचंही सांगा. शिवणारी असाल तर दाताने धागा तोडता का, तेही सांगा.

"बंद," डॉक्टरीणबाई म्हणाली. "एक दाना भी नहीं।"

त्या दिवशी येताना मी मोटरसायकलवर मागे बसून रडले, आणि कॅन्सर नाही समजलं तेव्हापेक्षा जास्त रडले. चावणं सुटलं तर माझ्याकडे राहिलं काय? बाजारात खरेदीवाले पुष्कळ आहेत. लोक माझ्याकडे येतात ते माझ्या दातासाठी. वरून मिलमधून निरोप आला होता, तुळशीरामकाकांचा माल वल्ला निघाला, "पुष्पाबाई, यंदा तुमचा दात चुकला." एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. जबड्याचं दुखणं शेकाने जातं. हे जात नव्हतं.

ओठ मिटलेले, दात सुटे

तो हंगाम आमचा फिका गेला. मशीन कपाटातून काढलं, हे घेऊन बसले. लोक आकडा बघायचे, एकमेकांकडे बघायचे, आणि काही जण ट्रॉली वळवून दुसऱ्याकडे जायचे. मी ओसरीत बसून गालाला गरम पाण्याची पिशवी लावून हे बघत होते. आमच्यात भांडणं झाली. मी म्हणायची तुम्हाला शेतकऱ्यांशी नीट बोलता येत नाही, हे म्हणायचे तुले चूप राहता येत नाही. दोघांचंही खरं होतं.

डॉक्टरीणबाईने एक मंत्र दिला होता: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दिवसातून आठवेल तेव्हा बघायचं, दात एकमेकांवर बसलेत का? मी बघायला लागले आणि थक्क झाले. सारखे बसलेले! तांदूळ निवडताना बसलेले, फोनवर बोलताना बसलेले. आणि अंगणात ट्रॉली शिरली की तर असे बसायचे की पुसू नका. मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक ट्रॉलीमागे ओळखीचं तोंड. वल्ला म्हटलं तर तो माणूस उतरल्या चेहऱ्याने परत जाणार. वाळला म्हटलं आणि नसला, तर मिलवाल्यासमोर आमचं नाक कापणार. हा निवाडा मी एकटी करत होते, तोही दाढेखाली. टेन्शन घेत नाही म्हणे!

घरातल्यांनी तो मंत्र उचलून धरला. मी जरा रागावले की आत्याबाई खाटेवरून ओरडायच्या, "दात सुटे कर व माय!" एवढ्या प्रेमाने मला कोणी गप्प केलं नव्हतं. त्या माझ्यासाठी पेज करायच्या, लाखोरीची डाळ घोटून घोटून मऊ करायच्या, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून बिनदातांचं जेवण जेवायचो. माझ्या दुखण्यात त्यांना सोबत मिळाली, असं त्या म्हणायच्या.

पट्टी लावून झोपायची, गाल शेकायचे, तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम करायचा. कधी मागे यायचं, कधी पुढे जायचं. मागे आलं की घाबरायची नाही मी, एवढं मात्र शिकले. दुसरं बोट पक्कं झालं. तिसरं नखापर्यंत जायला लागलं.

काका

परत दिवाळी झाली, परत हार्वेस्टर फिरले. मी ठरवून अंगणात जाऊन बसले. समोर मशीन, बाजूला पाण्याचा गडवा. पहिलीच ट्रॉली तुळशीरामकाकांची.

"बरं वाटते का बाई आता?"

"बरं आहे काका."

"मंग पाहा." त्यांनी ओंजळभर धान पुढे केला.

"मी नाही चावत आता. डॉक्टरने बंद केलं. मशीन आहे."

काकांचं तोंड पडलं. "मशीनीचं काही खरं नसते बाई."

मला माहीत होतं ते हेच म्हणतील. माझे दात एकमेकांवर बसायला लागले. मी ते सुटे केले. मग म्हटलं, "बरं, मशीन राहू द्या. काका, तुम्हाला दाढा आहेत ना?"

"आहेत ना. कायले?"

"मग तुम्हीच चावा. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहून घेते."

मागे उभी असलेली माणसं हसली. काका नाही हसले. त्यांनी धान तळहातावर चोळला, साल फुंकली, दाणा दाढेखाली धरला आणि डोळे मिटले. मामाजीही असेच डोळे मिटायचे. अंगणात सगळे थांबले. कसलाच आवाज झाला नाही. काकांनी दाणा थुंकला, खाली बघितलं आणि म्हणाले, "वल्ला आहे. दोन उन्हं दाखवा लागते."

मी मशीनमध्ये धान टाकला. मशीनही तेच म्हणालं. मागच्या माणसांनी मान डोलावली आणि आपापल्या ट्रॉलीतून मूठ-मूठ काढून चावायला लागले.

काका जागचे हलले नाहीत. ट्रॉलीच्या फळीवर हात ठेवून उभे. "एक सांगू बाई? मांगच्या सालचाबी वल्लाच होता. मी घरून चावूनच आनला होता. तुमच्या तोंडातून कट्ट वाजलं, मले समजलं दाना नाही वाजला. तरी मी म्हटलं, वाजला."

वर्षभर मी उशीवर डोकं टेकलं की तो दाणा आठवायची. "मग काका, सांगितलं काऊन नाही?"

"सांगाले तुम्ही होते ना बाई," काका म्हणाले. "आता माया तोंडानं मलेच सांगा लागलं. खोटं कसा बोलू?"

म्हणजे माझा दात चुकला नव्हता. त्याला विचारलंच नव्हतं कोणी! आधी मला राग आला, चांगला सणसणीत. मग काकांच्या मिशीला चिकटलेलं तूस दिसलं आणि मला हसू आलं. आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसत होते, आणि ओसरीवरून आत्याबाई ओरडल्या, "अवं माय, केवढं तोंड फाडून राहिली!"

मी हसता हसता थांबले. तीन बोटं एकावर एक धरली आणि तोंडात घातली. गेली. काकांना काही समजलं नाही, ते ट्रॉली वाळवणाकडे वळवायला निघून गेले.